पिवळ्या हातांची परीक्षा

नर्सबाई म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, सुई आणि ओरडणं. दोन्ही खऱ्या आहेत. मी सुई टोचते आणि ओरडतेही, आणि दोन्हींनी माणूस सुधारतो असा माझा अनुभव आहे. दिवाळी अंकासाठी नोकरीबद्दल लिहा असा निरोप आला तेव्हा मी विचार केला, की नोकरीत रोज तेच असतं. लिहिण्यासारखी आहेत ती नोकरी लागायच्या आधीची दोन वर्षं. चौतिसाव्या वर्षी, दोन लेकरांची आई असताना, मी अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरींबरोबर हिंगोलीत होस्टेलवर राहून एएनएमचा कोर्स केला. तेवढंच सांगते.

एएनएम म्हणजे काय, ते शहरातल्या वाचकांसाठी. गावात जे आरोग्य उपकेंद्र असतं, म्हणजे दोन-तीन खोल्या, बाहेर एक पाटी आणि पाटीखाली झोपलेलं कुत्रं, तिथं जी बाई असते ती एएनएम. लसी देणं, गरोदर बायांची तपासणी, अडल्या वेळी बाळंतपण, ताप, जुलाब, विंचू. मोठा दवाखाना लांब असतो. त्यामुळे गावाला निम्मी डॉक्टरही तीच आणि सासू-सुनेच्या भांडणात पंचही तीच.

त्याआधी आठ वर्षं मी आमच्या गावची आशा होते. आमचं गाव वसमतकडं, कुरुंद्याच्या पलीकडे, हळदीचं. आशा म्हणजे गावातलीच बाई. घरोघर फिरायचं, कोण गरोदर आहे ते बघायचं, गोळ्या द्यायच्या, दिवस भरले की तिला दवाखान्यात घेऊन जायचं. पण दवाखान्याच्या दारापर्यंत आशा, दाराच्या आत नर्स. मी किती बायांना त्या दारापर्यंत नेलं असेल! दार लागायचं, आणि मी बाहेर बाकावर बसून आतला आवाज ऐकायचे.

एकदा मात्र त्या बाकावर बसणं मला जड गेलं. गावाला लागून तांडा आहे. तिथली एक सून, आठवा महिना लागलेला. पायाला सूज होती, डोकं दुखतं म्हणत होती, डोळ्यापुढं अंधारी येते म्हणत होती. मी म्हणाले, "दिवसभर उभ्यानं काम करून राहिलीस, मग दुसरं काय होईल? पाय वर ठेवून नीज." चौथ्या दिवशी तिला झटके आले. जीपमध्ये घालून आम्ही तिला नेलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "सूज कधीपासून? डोकं दुखतंय असं म्हणाली होती का?" म्हणाली होती. सगळं मलाच म्हणाली होती, पण डॉक्टरांपुढं माझ्या तोंडून ते निघालं नाही. प्रशिक्षणात ही लक्षणं आम्हाला शिकवलेली होती, वहीत लिहिलेलीही होती. ऐकणं वेगळं आणि कळणं वेगळं. बाई वाचली, लेकरूही वाचलं. आता ते शाळेत जातं आणि मला बघून लांबूनच "सुईवाली आली" म्हणून पळतं. पण त्या दिवशी बाकावर बसून मी ठरवलं, की त्या दाराच्या आत काय कळतं ते आपल्यालाही कळलं पाहिजे.

ठरवणं सोपं होतं. कोर्सला बारावी लागत होती आणि माझी दहावीच झालेली होती. सतरा नंबरचा फॉर्म भरून घरी बसून बारावी केली. इंग्रजी तिसऱ्या खेपेला सुटलं, तेही माझ्या लेकीनं, शीतलनं, माझ्यामागं लागून पाठ करून घेतलं म्हणून. ती तेव्हा नववीत होती. चुकलं की पट्टी आपटायची, तिच्या बाईंसारखी. कोर्सला वयाचीही अट होती आणि माझं ते शेवटचं वर्ष होतं. आशांसाठी काही जागा असतात, त्यात माझं नाव लागलं. मग घरात सांगितलं.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई म्हणजे पाच एकर हळदीच्या मालकीणबाई; कागद कोणाच्याही नावावर असोत. त्या ओसरीत सुपारी कातरत बसल्या होत्या.

"दोन वर्षं?" त्या म्हणाल्या. "सोळा वर्षांत घर शिकली न्हाईस, आता हिंगोलीत जाऊन काय शिकनार?"

"सुया टोचायला."

"मला तर रोजच टोचून राहिलीस. त्याला शाळा काहून लागती?"

माझे मालक दारात उभे राहून ऐकत होते. त्यांना दोघींपैकी कोणाची बाजू घ्यायची असेल तर ते आधी शेताकडे बघतात. तसे ते शेताकडे बघत होते. शेवटी आत्याबाईंनी तीन अटी घातल्या. एक, दोन वर्षं म्हणजे दोनच वर्षं, वर एक दिवस नाही. दोन, हळद काढायच्या-शिजवायच्या दिवसांत दर शनिवारी-रविवारी मी घरी यायचं, कारण त्या दिवसांत बाई मिळत नाही आणि मिळाली तर नखरे करते. तीन, नापास झाले तर पुन्हा परीक्षेला बसायचं नाही. गुमान घरी यायचं, आणि कोर्सचं नाव पुन्हा काढायचं नाही.

"आई म्हनती ते बराबर हाय," मालक म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी न सांगता जवळा बाजारच्या आठवडी बाजारातून माझ्यासाठी पत्र्याची पेटी घेऊन आले. कुलूपही आणलं होतं. मी काही बोलले नाही, तेही काही बोलले नाहीत. आमच्या घरात याला संसार म्हणतात.

पहिल्या दिवशी पेटी घेऊन फाटकात गेले तर तिथल्या बाई म्हणाल्या, "पालकांनी बाहेर थांबा. फक्त मुलींना आत सोडा."

"मीच मुलगी आहे," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं. "मग तुमचे पालक कुठे आहेत?"

"ते हळदीला पाणी देऊन राहिलेत."

खोलीत आम्ही चौघी होतो. माझ्या शेजारच्या पलंगावर पल्लवी राठोड, एकोणीस वर्षांची, तांड्यावरची. पहिल्यांदाच घर सोडून आली होती आणि पहिल्या रात्री तोंडावर पांघरूण घेऊन रडली. दुसऱ्या दिवशी पुस्तकं आली तर ती माझ्यापेक्षा दुप्पट हुशार निघाली. हाडांची, नसांची, आजारांची ती लांबच्या लांब इंग्रजी नावं ती एकदा वाचून म्हणायची. मी दहादा वाचून विसरायचे. मग आमचा सौदा ठरला. तिनं मला इंग्रजी शिकवायचं आणि मी तिला हिंमत. पुढं पहिलं बाळंतपण बघताना ती उभ्याची आडवी झाली तेव्हा तिला मीच मागून धरलं. त्याची परतफेड म्हणून तिनं मला सगळ्या हाडांची नावं जात्यावरच्या ओवीच्या चालीवर बसवून दिली. आजही मला ती चालीशिवाय आठवत नाहीत.

पोरी आधी मला मावशी म्हणायच्या. ते मी पंधरा दिवसांत बंद केलं. त्याचं कारण असं की दवाखान्यात साफसफाई करणाऱ्या, भांडं देणाऱ्या बाईला मावशी म्हणतात. वॉर्डात पल्लवीनं मला "मावशी, इकडं या" म्हटलं रे म्हटलं, की चार नातेवाईक चार बाजूंनी "मावशी, भांडं द्या," "मावशी, इथं पुसून घ्या." मी दोनदा दिलं, दोनदा पुसलं, काम म्हणून त्यात कमीपणा नाही. पण तेवढ्या वेळात ड्रेसिंग शिकायचं राहून जायचं. मी पोरींना सांगितलं, काकू म्हणा, आजी म्हणा, म्हातारे म्हणा, मावशी नको. तेव्हापासून मी काकू.

आणि बांगड्या. वॉर्डात मनगटावर काही चालत नाही, बांगडीत घाण अडकते. आमच्या गावात लग्न झालेल्या बाईचे हात मोकळे दिसले तर आधी रडारड होते, मग चौकशी. म्हणून मी सोमवारी सकाळी होस्टेलवर बांगड्या काढून रुमालात बांधायचे आणि शनिवारी हिंगोलीच्या स्टँडवर बाकड्यावर बसून पुन्हा भरायचे. काचेची बांगडी दर आठवड्याला चढवणं-उतरवणं सोपं नसतं, हाताला साबण लावावा लागतो. स्टँडवरच्या नळावर साबण लावून बांगड्या भरणारी बाई बघून एक कंडक्टर म्हणाला होता, "ताई, लग्नाला निघाल्या का?" मी म्हणाले, "नाही, लग्नातच आहे. हजेरी द्यायला चालले."

पहिली सुई आम्ही वांग्याला टोचली. वांगं आमच्याच शेतातलं होतं, फार शहाणं, हललं नाही. पहिलं माणूस म्हणजे एक आजोबा, कुत्रं चावलेले. आजोबा दंड पुढं करून डोळे मिटून बसले. मी टोचलं, औषध सोडलं, सुई काढली, कापूस दाबला. आजोबा डोळे मिटूनच.

"झालं, बाबा."

"काय झालं? अजून टोचलंच कुठं?"

"टोचलं बाबा, झालं."

त्यांनी डोळे उघडून दंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग कुत्र्यापरीस तुमचा हात हलका हाय, बाई." मला आजवर मिळालेल्या शाबासक्यांत ही एक नंबरची.

आणि मग ते दार. प्रसूतिगृहात पहिल्यांदा आत उभी राहिले तेव्हा मला कळलं, की बाहेर बाकावर ऐकू येतो तो आवाज म्हणजे अर्धीच गोष्ट आहे. आत गडबड कमी असते. घड्याळ बघायचं, पोटावर हात ठेवून कळा मोजायच्या, बाळाचे ठोके ऐकायचे, आणि बाईशी बोलत राहायचं. हे शेवटचं मला शिकवावं लागलं नाही. अठरा वर्षांच्या पोरी घाबरून गप्प होत असत, मी आठ वर्षं घरोघरी बोलतच आले होते. टेबलावरची बाई कळवळून म्हणाली, "बाई, मला घरी जाऊ द्या." मी म्हणाले, "जा की, पण हे ओझं इथं ठेवून जा." ती कळेतही हसली. लेकरू झालं तेव्हा ते आधी निळसर दिसलं, मग रडलं आणि बघता बघता गुलाबी झालं. मी पुष्कळ सूर्योदय बघितलेत, शेतातल्या बाईला त्यांची कमी नसते. हा रंग त्यात नव्हता.

आम्हाला शिकवायला जोंधळे सिस्टर होत्या. बुटक्या, करड्या, निवृत्तीला आलेल्या. त्यांचं सगळं शास्त्र हात धुण्यापासून सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा तिथंच संपायचं. तळहात, हाताची पाठ, बोटांच्या बेचक्या, पेरांची पाठ, अंगठा, नखं. या क्रमानं, साबणानं, घाई न करता. "बाळंतिणीला ताप आला, बाळाच्या नाळेला पू झाला, तर देवाकडे बघू नका, स्वतःच्या हाताकडे बघा," असं त्या म्हणायच्या. आणि अंगठ्याबद्दल त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "अंगठा म्हणजे हातातला जावई. चार बोटांत मिसळत नाही. त्याचं वेगळंच बघावं लागतं." आम्ही हसायचो आणि अंगठा विसरायचो.

दोन वर्षं अशी गेली. लेखी परीक्षा झाली, बरी गेली. राहिली प्रात्यक्षिक परीक्षा. ती नेमकी हळदीच्या दिवसांत आली. सोमवारी परीक्षा, त्याआधी शनिवार-रविवार. पल्लवी म्हणाली, "काकू, या खेपेला नका जाऊ." पण अट म्हणजे अट. एकदा मी मोडली असती तर आत्याबाईंना आपला शब्द मोडायचा हक्क मिळाला असता. मी गेले.

ज्यांनी हळद फक्त डब्यात बघितली त्यांच्यासाठी सांगते. जमिनीतून काढलेली हळद मोठ्या कढईत शिजवतात, मग पसरून उन्हात वाळवतात, मग ढोलात घालून फिरवून घासतात, तेव्हा ती बाजारात दिसते तशी होते. शिजलेली हळद गरम-ओली असताना जाड गड्डे एकीकडे आणि बोटं, म्हणजे लांबट हळकुंडं, एकीकडे निवडावी लागतात. ते बायांचं काम. बाकीच्या बाया हाताला फडकी गुंडाळतात. मला फडक्यानं काम उरकत नाही. दोन दिवस मी उघड्या हातांनी निवडलं, डोक्यात परीक्षा घोळवत. कळांच्या वेळा मोजत होते आणि गड्डे टाकत होते. आठ वर्षं आशा, दोन वर्षं विद्यार्थिनी, आणि परीक्षेला हातच घेऊन जायचे असतात हे मला सुचलं नाही.

रविवारी संध्याकाळी होस्टेलवर दिव्याखाली हात बघितले. मनगटापर्यंत पिवळे. नखांच्या कडा तर सोन्याच्या.

पल्लवी ओरडली, "काकू, हे काय करून आल्या? कावीळ झाल्यावानी दिसून राहिलं!"

लिंबू चोळलं, बेसन चोळलं, खोबरेल तेल चोळलं. काही फरक नाही. एका पोरीनं कुठून तरी पानाचा चुना आणला. तो लावताच हात लालभडक झाले. पोरी किंचाळल्या. धुतल्यावर पुन्हा पिवळे. सकाळी जोंधळे सिस्टरांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. परीक्षेला बाहेरून बाई यायच्या होत्या, समुद्राकडच्या, फार कडक म्हणून नाव. "त्या आधी हात बघतात," सिस्टर म्हणाल्या. "हात बघूनच निम्म्या मुली घरी पाठवतात. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे सहा महिने थांबावं लागतं." सहा महिने माझ्याकडे नव्हते. माझ्याकडे सहा दिवसही नव्हते. दोन वर्षं संपत आली होती आणि तिसरी अट ओसरीत सुपारी कातरत बसली होती.

माझा नंबर आला. टेबलावर बाळंतपणाचं सामान, बाहुली, बाजूला नळ आणि साबणाची वडी. परीक्षक बाई उंच, चष्मा, पांढरी इस्त्रीची साडी. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलंच नाही.

"हे हात घेऊन तुम्ही बाळंतपण करणार?"

"मॅडम, हळद आहे. शिजवलेली निवडली काल. शेताची आहे."

"मला हळदीचं काय सांगता? अस्वच्छ आहेत हात. धुवा."

"धुतलेत मॅडम. रंग जात नाही."

"माझ्यासमोर धुवा."

मी नळ सोडला, हात ओले केले, वडी घेतली, चोळायला लागले. तळहात, पाठ, बेचक्या. आणि साबण लागताच व्हायचं तेच झालं. पिवळे हात लाल व्हायला लागले, फेस तांबडा.

मॅडम दोन पावलं मागे सरकल्या. "रक्त! अहो, हात कापलाय तुमचा!"

"न्हाई मॅडम," घाईत माझ्या तोंडून घरचीच बोली आली. "साबन लागला की हळद लाल होती. आमच्या लुगड्याचं बी असंच होतं. पाण्यानं धुतलं की पुन्हा पिवळी."

त्या पुढं आल्या. चष्मा वर केला, खाली केला. माझी मनगटं धरून त्यांनी हात उजेडात नेले. सगळे हात तांबडे, कुंकवात बुडवल्यासारखे. फक्त एका जागी नाही. डाव्या अंगठ्याच्या मागं, मुळाशी, चवलीच्या नाण्याएवढा पिवळा ठिपका तसाच होता.

"इथं पिवळं का राहिलं?"

मला उत्तर माहीत होतं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या जोंधळे सिस्टरांनाही माहीत होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले. दुसरं काहीतरी सांगता आलं असतं. जुना डाग आहे, तिथं चामडी जाड आहे. मला ती तांड्यावरची सून आठवली आणि डॉक्टरांचा प्रश्न. त्या दिवशी मी गप्प बसले होते.

"तिथं साबण पोचला नाही मॅडम," मी म्हणाले. "अंगठा राहिला माझा."

नळ तेवढा वाहत होता. मग मॅडम म्हणाल्या, "पुन्हा धुवा."

मी पुन्हा धुतले. पहिल्यापासून, क्रमानं, जावयाला जरा जास्तच मान देऊन. तो ठिपकाही लाल झाला तेव्हा मी हात वर करून दाखवले. त्यांनी पुढून बघितले, मागून बघितले, आणि म्हणाल्या, "आता सांगा, बाळ जन्मल्यावर पहिल्या मिनिटात काय काय कराल?" मी सांगितलं, बाहुलीवर करून दाखवलं. बाहुलीशी बोललेही, सवयीनं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. चेहऱ्यावरून काही कळेना.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी होस्टेलच्या स्वयंपाकघरातून वाटीभर हळद मागवली. आमच्या सगळ्या पोरींना ओळीनं उभं केलं, हातांना हळद कालवून चोळायला लावली, वाळू दिली आणि म्हणाल्या, "धुवा, रोज धुता तसे." ओळीनं तांबडे हात वर आले आणि ओळीनं पिवळे ठिपके. कोणाचा अंगठा, कोणाची नखं, कोणाच्या बेचक्या. पल्लवीच्या तर दोन्ही हातांच्या पाठी. जोंधळे सिस्टर एका कोपऱ्यात उभ्या राहून लग्नातल्या वरमाईसारख्या बघत होत्या. तीस वर्षं त्या जे तोंडानं सांगत होत्या ते आज वाटीभर हळदीनं पोरींच्या हातावर लिहून दिलं होतं.

शेवटी मॅडमनी स्वतःच्या हातांनाही हळद चोळली आणि ते धुतले. त्यांचाही उजवा अंगठा पिवळा राहिला. कोणी हसलं नाही. मी तर अजिबात नाही, निकाल लागायचा होता.

निकाल लागला तेव्हा मी शेतात होते. पल्लवीचा फोन आला. "काकू, पास! दोघी पास!" आणि मग ती फोनवर रडायला लागली, पहिल्या रात्रीसारखी. मी तिला म्हणाले, "आता कशाला रडून राहिलीस, पांघरूण कुठंय?" पण फोन ठेवल्यावर मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसले. मालक पाण्याची मोटर बंद करून आले. त्यांना सांगितलं. त्यांनी शेताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "पेटीचं कुलूप परत आनलंस ना?"

प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवशी आत्याबाईंनी ते देवापुढं ठेवलं. आमच्याकडे नवीन ट्रॅक्टर येवो, बैल येवो की मिक्सर, त्याला हळद-कुंकू लावल्याशिवाय तो घरात येत नाही. त्यांनी ओलं बोट हळदीत बुडवलं आणि मी "अहो, अहो" म्हणेपर्यंत कागदाच्या कोपऱ्यावर टेकवलं. नोकरीच्या वेळी कागद तपासणाऱ्या साहेबांनी विचारलं, "हा डाग कसला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "वसमतकडच्या दिसता," आणि शिक्का मारला.

पल्लवी आता एका मोठ्या दवाखान्यात आहे आणि माझ्यापेक्षा जास्त ओरडते. मी घरापासून जवळच्याच एका उपकेंद्रात आहे. नवीन आशा आल्या, बाळंतिणीच्या सासवा आल्या, की मी आधी त्यांच्या हाताला हळद लावते आणि साबण देते. भाषण करत नाही. ज्या जागी पिवळं राहतं ती जागा त्यांना दिसते. दिसलं की माणूस भांडत नाही. बाळाच्या नाळेवर हळद भरायची जुनी खोड आमच्या भागात आहे. शीतलच्या वेळी मीही भरली होती, मला तेव्हा कळत नव्हतं. आता सांगते, हळद लावायचीच असेल तर हाताला लावा, नाळेला नको. आणि हाताची धुवून टाका.

दोन वर्षांपूर्वी शीतल बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यात सगळं व्यवस्थित झालं, पोरगी झाली. पाचव्या दिवशी तिला घरी आणलं तेव्हा दारात हळद पसरलेली होती. आत्याबाई आता पंचाहत्तरीच्या पुढं आहेत, पण निवडायला बसल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. पणती घरात आली म्हटल्यावर त्या तशाच उठल्या. मी बाळ घेऊन उंबऱ्यात उभी होते. मी काही बोलायच्या आत त्या वळल्या, मोरीवर गेल्या, आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला.

त्या आल्या त्या दोन्ही हात वर करून, पकडलेल्या चोरासारख्या. हात लालभडक, कोपरापर्यंत फेस.

"बघ," त्या म्हणाल्या. "अंगठा बी बघ. दोनी अंगठे बघ. तुझ्या त्या मॅडमचा तर राहिलता."

मी बघितलं. अंगठे चांगले लाल होते. डाव्या करंगळीच्या कडेला नखाएवढं पिवळं राहिलं होतं.

"पुन्हा धुवा," मी म्हणाले.

"आगं, म्या सासू हाय तुजी!"

"व्हय. म्हणूनच सांगून राहिले."

त्या पुटपुटत परत मोरीवर गेल्या. बाळ माझ्या हातात झोपलेलं होतं, शीतल आत हसत होती. पाण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, या खेपेला जरा जास्तच वेळ.